अंगठा, रीळ आणि वाहते पाणी

मराठी माणसाचा गळाशी संबंध येतो तो मुख्यतः वर्तमानपत्रात. अमुक पक्षाचे चार आमदार तमुक पक्षाच्या गळाला लागले, एवढ्यापुरता. एरवी गळ टाकून बसलेला माणूस म्हणजे रिकामटेकडा, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. कोकणात गरी घेऊन खाडीवर जाणारा जातो तो संध्याकाळच्या कालवणाची सोय करायला. त्याला कुणी कलावंत म्हणत नाही आणि त्याचीही तशी अपेक्षा नसते. गळ टाकणे ही एक विद्या असू शकते, गाण्यासारखी तिची घराणी असू शकतात आणि त्या घराण्यांत तंबोऱ्याच्या जव्हारीवरून व्हावेत तसे वाद एका चाकावरून होऊ शकतात, हे आपल्याला पटकन पटत नाही.

इंग्लंडात मात्र असे एक चाक आहे. त्याचे नाव सेंटरपिन रीळ. शंभर वर्षांहून अधिक काळ ते वापरात आहे. त्याच्यापेक्षा सोपे, वेगवान आणि स्वस्त रीळ बाजारात येऊनही आता कैक दशके लोटली. तरीही ते चाक मेले नाही. केवळ म्हाताऱ्यांच्या हळवेपणामुळे ते टिकले असते, तर त्यावर रविवारची सकाळ खर्च करण्याचे कारण नव्हते. ते टिकले आहे, कारण एक काम ते इतर कुठल्याही रिळापेक्षा चांगले करते. ते काम कोणते आणि त्यासाठी माणसाला काय किंमत मोजावी लागते, हे पाहण्यासारखे आहे.

पतंगाची फिरकी सर्वांनी हाताळलेली असते. येवल्याकडे तिला आसारी म्हणतात, नागपूरकडे चक्री. पतंगाने ओढ घेतली की फिरकी फिरते आणि मांजा सुटतो. फिरकी धरणाऱ्याने योग्य वेळी बोट लावले नाही, तर ती स्वतःच्याच वेगात फिरत राहते आणि मांजाचा गुंता पायाशी पडतो. सेंटरपिन म्हणजे हीच फिरकी, फक्त घड्याळजीच्या हातून घडलेली. मागे एक पाटी, पाटीच्या मध्यावर एक खिळा आणि त्या खिळ्यावर बसवलेले, साडेचार इंचांच्या आसपास व्यासाचे रुंद तोंडाचे चाक. दातेरी चक्रे नाहीत, आपोआप लागणारा ब्रेक नाही. एक टिकटिक करणारी खिटी काही रिळांना असते, पण ती काठी खाली ठेवताना लावायची. चाक एकदा फिरवले की एकच फेरा दोरा गुंडाळला जातो. ब्रेक म्हणजे काठी धरणाऱ्याचा अंगठा.

गिरणगावाचे देणे

या रिळाचे माहेर नॉटिंगहॅम. ट्रेंट नदीकाठचे हे शहर एकोणिसाव्या शतकात लेस विणण्यासाठी जगभर प्रसिद्ध होते. इथले गळ टाकणारे लोक बहुतांशी कामगार वर्गातले. ट्रेंट ही रुंद आणि संथ पण न थांबणारी नदी. तिच्यात मासे काठाशी येऊन उभे राहत नाहीत, आमिष त्यांच्यापर्यंत प्रवाहाबरोबर न्यावे लागते. त्यासाठी या लोकांनी अक्रोडाच्या लाकडाची, अलगद फिरणारी रिळे कातून घेतली. पाण्यावर बूच तरंगत सोडायचे, त्याच्याखाली आमिष, आणि बूच वाहत जाईल तसतसे चाक आपोआप फिरून दोरा सोडील, अशी ती योजना. ही 'नॉटिंगहॅम पद्धत' पुढे सगळ्या इंग्लंडात गेली. लेसच्या यंत्रावरच्या बॉबिनवरूनच हे रीळ सुचले, अशी एक कथा सांगतात. खरी असो नसो, त्या शहराला शोभणारी आहे.

पुढे ट्रेंटकाठच्याच न्यूअर्कच्या डेव्हिड स्लेटर यांनी चाक झटकन काढता-घालता येईल अशी खिटी शोधली. १८९०च्या दशकात नॉटिंगहॅमचे हेन्री कॉक्सन यांनी त्याहून धाडसी कल्पना मांडली. चाक भरीव कशाला हवे? सायकलच्या चाकासारखे आऱ्यांचे करा. रेडिच गावच्या ऑलकॉक कंपनीने हे रीळ 'एरियल' नावाने बाजारात आणले. रेडिच म्हणजे सुया बनवणारे गाव. घराघरांतल्या शिवणाच्या डब्यांत तिथल्या सुया पोचलेल्या. सुई वाकवली की गळ होतो, म्हणून तेच गाव गळ, काठ्या आणि रिळांचेही केंद्र बनले. एरियल इतके हलके होते, की पाण्याच्या नुसत्या स्पर्शाने फिरायला लागे. सेंटरपिनचा तो सुवर्णकाळ.

त्याला आव्हान मिळाले तेही कापडगिरणीतूनच. यॉर्कशरमधले ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तिथल्या गिरणीमालक घराण्यातले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली वेगळ्याच रिळाचे पेटंट घेतले. आपल्या गिरणगावात ज्यांची हयात गेली, त्यांना ही युक्ती लगेच कळेल. धोट्यातली कांडी फिरत नाही, तिच्या टोकावरून दोरा वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटत जातो. इलिंगवर्थनी रिळाचे तसेच केले. चाक स्थिर, दोरा टोकावरून निसटणारा. चाक फिरतच नसल्यामुळे ते वेगात येऊन गुंता करील ही भीती नाही. हलकेसे आमिषही दूर जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा दोरा, आपले कोळी ज्याला तंगूस म्हणतात तो, सर्वत्र मिळू लागला आणि या स्थिर रिळाने जग जिंकले. आज पवईच्या तलावावर किंवा मालवणच्या खडकावर जे रीळ दिसते, ते बहुधा त्याच्याच वंशातले असते.

फेकण्याची विद्या

स्थिर रिळाने फेकणे दहा मिनिटांत शिकता येते. सेंटरपिनने फेकण्यासाठी एक अख्खा मोसम द्यावा लागतो, आणि लोक कंटाळून ते सोडतात ते इथेच.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फासे काढण्याचा. काठीवर दोरा ओवायला कड्या असतात. रीळ आणि पहिली कडी यांच्यामधला दोरा डाव्या हाताच्या एका बोटाने ओढून घ्यायचा, पहिल्या-दुसऱ्या कडीमधला दुसऱ्या बोटाने, जमल्यास पुढचा तिसऱ्याने. बोटांत दोऱ्याचे दोन-तीन फासे तयार होतात. मग आमिषाला खालून झोका द्यायचा आणि झोका पुढे गेला की फासे सोडून द्यायचे. चाक जागचे हलतही नाही. आमिष दोन-तीन काठ्यांच्या अंतरावर अलगद पडते. नदीकाठी एवढे अंतर पुष्कळदा पुरते, कारण पुढचे काम पाणी करणार असते.

त्याहून दूर जायचे तर 'वॉलिस कास्ट'. एफ. डब्ल्यू. के. वॉलिस हे नॉटिंगहॅम परंपरेतले मोठे नाव. ऑलकॉक कंपनीची 'वॉलिस विझार्ड' ही काठी त्यांच्याच नावाची. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फेकीत चाक फिरते, आणि खरी गंमत तिथेच आहे. काठी उजव्या हातात, एका अंगाला धरलेली. रिळाच्या पुढचा दोरा डाव्या हाताच्या बोटांत. काठी पुढे झुलवता झुलवता डाव्या हाताने दोरा बाहेरच्या बाजूला ओढायचा. त्या ओढीने चाक फिरू लागते. आमिषाचे वजन दोरा मागू लागले की डावा हात काठीकडे परत न्यायचा, म्हणजे त्याने आधीच ओढून घेतलेला दोरा जातो आणि मागोमाग चाकावरचा येऊ लागतो. एवढे होईपर्यंत उजवा अंगठा चाकाच्या काठावर तयार असला पाहिजे. आमिष पाण्याला टेकण्याच्या किंचित आधी त्याने चाक थांबवायचे.

वाचायला हे पाककृतीसारखे सोपे वाटते, आणि पाककृतीसारखेच ते हाताला येईपर्यंत येत नाही. गोम वेगात आहे. आमिष हवेत जाताना सुरुवातीला सर्वांत वेगाने जाते आणि मग मंदावते. चाक मात्र एकदा फिरू लागले की मंदावायला तयार नसते. आमिषाला हवा आहे त्यापेक्षा जास्त दोरा चाक ओतू लागले की तो चाकाभोवती फुगतो, एकमेकांत अडकतो आणि पक्ष्याचे घरटे तयार होते. नवशिका घाबरून अंगठा दाबतो, तर आमिष झटका खाऊन परत येते. म्हणून जुने लोक सांगतात ते दोनच नियम. पहिला, जोर लावू नका. धक्का दिला की चाक उसळते. सुरुवात संथ आणि चढता वेग, एवढे सांभाळले तर अर्धे काम होते. दुसरा, वजन पुरेसे ठेवा. हलक्या आमिषाला चाक ओढून नेण्याची ताकद नसते. समोरून वारा असेल, तर शहाण्याने फासे काढावेत आणि वॉलिसना नमस्कार करावा.

हा त्रास चुकवण्याचे प्रयत्नही झाले. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलॉक यांनी १८८४ साली असे रीळ काढले, की फेकताना ते नव्वद अंशांत वळवायचे, म्हणजे दोरा बाजूने निसटतो, आणि गुंडाळताना पुन्हा सरळ करायचे. याच कल्पनेवर चार्ल्स अल्व्ही यांनी १९२०मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रिळे बनवायला सुरुवात केली आणि तिथल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या ती वापरली गेली. फेक सोपी झाली, पण फुकट नव्हे. बाजूने निसटणारा दोरा सरळ गुंडाळला की प्रत्येक फेऱ्याला त्यात एक पीळ पडतो आणि पीळ साचला की दोरा स्वतःलाच मिठ्या मारू लागतो. फेकण्यातली अडचण काढली, ती दोऱ्यात जाऊन बसली.

चाक किती वेळ फिरते?

आता रिळाच्या गुणवत्तेकडे येऊ. इथे माझे मत बाजाराच्या मताविरुद्ध आहे.

नवे सेंटरपिन विकताना त्याची एक फिरत सांगितली जाते. बोटाने टिचकी मारली की हे चाक इतकी मिनिटे फिरते, त्या कंपनीचे त्याहून कमी. गिऱ्हाईक दिपून जाते. पण नदीवर हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. जड चाक एकदा फिरवले की जास्त वेळ फिरणारच, कारण त्याच्यात वेग साठून राहतो. लोहाराच्या भात्याच्या चाकापासून शिवणयंत्राच्या चाकापर्यंत सगळीकडे हेच दिसते. प्रश्न थांबण्याचा नाही, सुरू होण्याचा आहे. संथ प्रवाहात तरंगणाऱ्या हलक्या बुचाची ओढ ती किती! तेवढ्या ओढीने जे चाक विनातक्रार फिरू लागते ते चांगले. दुकानात पाहायचेच असेल, तर दोऱ्याच्या टोकाला शिशाचा बारीक मणी बांधून तो लोंबकळत सोडावा. मणी हळूच खाली सरकू लागला तर रीळ घ्यावे. चाक दोन बोटांत धरून हलवून पाहावे, ते खिळ्यावर डुगडुगत असेल तर परत द्यावे.

चाक कशावर फिरते यावरूनही घराणी आहेत. जुन्या पद्धतीत चाकाचा भार खिळ्याच्या टोकावर तोललेला असतो. भोवरा जसा आरीवर तोलतो तसाच, फक्त इथे आर जागच्या जागी आणि फिरतो तो भोवरा. वरच्या स्क्रूने हा तोल केसभर कमी-जास्त करता येतो. नव्या पद्धतीत बॉल बेअरिंग असते. ते जुळवत बसावे लागत नाही, धूळ-चिखलात टिकते. पण कारखान्यातून ते पुष्कळदा घट्ट ग्रीस भरून येते आणि मग उत्तम बेअरिंगही आळशासारखे वागते. ग्रीस धुऊन पातळ तेलाचा थेंब दिला की तेच रीळ जागे होते. चाकावर दोराही बेताचाच हवा. हावरेपणाने भरलेला दोरा एकमेकांत रुततो आणि ऐन वेळी अडतो.

एवढे सगळे कशासाठी? नदीचे पाणी वर वेगाने आणि तळाशी हळू वाहते, म्हणून. मासा तळाशी असतो आणि त्याच्या समोरून जाणारे खरे खाद्य तळाच्या वेगाने जात असते. वरचे बूच मात्र वरच्या वेगाने धावते आणि आमिषाला फरफटत नेते. सेंटरपिन असेल, तर अंगठ्याच्या हलक्या दाबाने बुचाला किंचित मागे रोखता येते. मग आमिष बुचाच्या पुढे, तळाच्या वेगाने चालते. अंगठा जरा अधिक दाबला की आमिष तळावरून किंचित उचलले जाते, सोडला की पुन्हा खाली बसते. तीस-चाळीस यार्डांवरचे बूच असे बोटाच्या टोकावर खेळवता येते आणि दोरा सदैव ताठ राहतो. स्थिर रिळातून दोरा वेटोळ्यांनी सैल पडतो, वारा त्याची कमान करतो, आणि माशाने आमिष तोंडात घेऊन थुंकले तरी काठीपर्यंत बातमी पोचत नाही. सेंटरपिन आजही राखून आहे ते हे काम. कॅनडातल्या ओंटारिओत मोठ्या सरोवरांना मिळणाऱ्या नद्यांवर स्टीलहेड पकडणारे लोक तेरा फुटांहून लांब काठ्यांना हेच रीळ लावतात. टोराँटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी क्रेडिट नदीच्या काठी हिंडताना ते पाहिलेही असेल. आपल्याजवळ बंगालात तर रुई-कटल्यासाठी 'हुइल' लावून तळ्याकाठी बसणारे आजही आहेत.

तोटेही मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. एका फेऱ्याला जेमतेम फूटभर दोरा येतो. तीस यार्डांवरून परत यायचे तर नव्वदएक फेरे. सराईत लोक चाकाच्या काठाला बोटांनी टपल्या मारून ते वेगात परत फिरवतात. मोठा मासा पळाला तर उलटी फिरणारी मूठ बोटांची सालटी काढते. समुद्रावर किंवा विस्तीर्ण जलाशयावर दूर फेकायचे असेल तर सेंटरपिनचा हट्ट धरणे हा निव्वळ दांभिकपणा आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी ते दिले, तर गुंता सोडवण्यातच त्याचा रविवार जाईल आणि पुन्हा तो पाण्याकडे फिरकणार नाही. त्याला आधी मासा लागू द्यावा.

पण त्याच मुलाला पुढे केव्हातरी हे चाक द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण मुलांना देतो ती बहुतेक साधने चूक पोटात घालणारी असतात. शुद्धलेखन आपोआप सुधारते, छायाचित्र आपोआप स्पष्ट होते, रस्ता चुकला की नवा रस्ता आपोआप दाखवला जातो. ही सोय आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण चूक कुठे झाली हे बोटांना कळण्याची संधी तेवढीच हुकते. सेंटरपिन चूक पोटात घालत नाही. अंगठा उशिरा आला तर गुंता, लवकर आला तर आमिष पायाशी. दोष कुणाचा हे विचारावे लागत नाही, आणि सुधारणा झाली तर तीही कुणाच्या प्रमाणपत्राशिवाय कळते. घरात असे एखादे तरी साधन असावे. ते तबला असेल, रंधा असेल किंवा रीळ असेल.

म्हणूनच जुन्या एरियल रिळांचे आज जे झाले आहे ते मला खटकते. ती लिलावात मोठ्या किमतीला जातात आणि काचेच्या कपाटात बसतात. कुणाच्या चाकाला किती आरे असा हिशेब ठेवावा तशी त्यांची मोजदाद होते, पण चाक ओले होत नाही. सतारीच्या तारा काढून ती भिंतीवर टांगण्यापैकीच हे. त्यापेक्षा आजच्या कारागिराने घडवलेले साधे रीळ घेऊन पाण्यात उतरणारा माणूस त्या परंपरेचा अधिक जवळचा वारस आहे.

आणि पाणी?

इथे एक गोष्ट आपल्याला विसरता येत नाही. या रिळात स्वतःची शक्ती अजिबात नाही. नदी वाहिली तरच ते फिरते. ट्रेंट नदी विसाव्या शतकाच्या मध्याला कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने नासली होती. ती पुन्हा सुधारली, आणि आज तिथे बार्बेल नावाच्या दमदार माशासाठी लोक मुद्दाम जातात. इंग्लंडात १५ मार्च ते १५ जून नद्यांवर असे मासे पकडायला बंदी असते, त्यांच्या विणीसाठी. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद ठेवतात त्याच शहाणपणातून.

या बार्बेलचा एक भाऊबंद आपल्या घरचा आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका माशाची शास्त्रीय नोंद केली. त्याला त्यांनी बार्बेलच्याच कुळात घातले आणि मराठी लोकांकडून ऐकलेले 'खुद्री' हे नाव दिले. आपण त्याला खडस म्हणतो, इंग्रजीत महसीर. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून लोकांनी महसीर राखले. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास अनेक दशके होत आली आहे. पण ज्या मुळा-मुठेतून त्याचे नाव जगाच्या शास्त्रात गेले, तिथे आज पुलावर उभे राहून पाण्याकडे पाहिले, तर बूच सोडण्याचे धैर्य होणार नाही. तिथे उत्तम सेंटरपिन आणि जगातला सर्वांत शिकलेला अंगठाही काही करू शकत नाही.

रीळ आयात करता येते. ते फिरवण्याची विद्या एका मोसमात शिकता येते. त्याला फिरवणारी नदी मात्र आपली आपल्यालाच ठेवावी लागेल. पुण्याच्या एखाद्या मुलीने मुळा-मुठेच्या काठी बूच सोडावे आणि तिच्या अंगठ्याखाली चाक आपसूक फिरू लागावे, ही अपेक्षा आज कुणालाही वेडेपणाची वाटेल. ट्रेंटकाठच्या लोकांनाही एके काळी ती तशीच वाटली असती.